चेलेशनची चाळीस सलाइन: एका चाचणीचा आणि तिच्या फेरतपासणीचा अभ्यास

पर्यायी उपचाराची शास्त्रीय चाचणी घेतली की निकाल दोनपैकी एक लागतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. उपचार लागू पडला तर तो मुख्य प्रवाहात येतो आणि न पडला तर त्याचा विषय संपतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर अमेरिकेत व कॅनडात झालेल्या चेलेशन उपचाराच्या, म्हणजे सलाइनमधून औषध देऊन शरीरातील धातू बाहेर काढण्याच्या उपचाराच्या चाचणीत यातले काहीच घडले नाही. निकाल उपचाराच्या बाजूने लागला, पण अनेक हृदयरोगतज्ज्ञांना तो पटला नाही. तीच चाचणी, तेच सलाइन आणि जवळपास तेच संशोधक घेऊन, पण फक्त मधुमेही रुग्णांवर पुन्हा केली गेली आणि अकरा वर्षांनी तिचा निकाल आला, तेव्हा तो उलटला. दीर्घकालीन आजारांवरील पूरक उपचारांचे संशोधन कुठे अडखळते आणि कुठे सावरते, हे पाहण्यासाठी या प्रकरणाइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडले आहे.

उपचार आणि त्यामागची कल्पना

ईडीटीए हा कृत्रिम आम्लसंयुगाचा प्रकार जर्मनीत १९३५ मध्ये फर्डिनांड म्युन्झ यांनी प्रथम तयार केला. धातूच्या आयनांना तो खेकड्याच्या नांग्यांसारखा पकडतो. चेलेशन हा शब्दही ग्रीकमधील नांगीवरूनच आला आहे. पकडलेला धातू मूत्रावाटे बाहेर पडत असल्यामुळे शिशाच्या विषबाधेवर या औषधाचा उपयोग होऊ लागला आणि त्याबद्दल आजही वाद नाही. वाद सुरू झाला तो १९५६ मध्ये, जेव्हा नॉर्मन क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीत दुखण्याचा त्रास असलेल्या काही रुग्णांना ईडीटीए देऊन त्यांना बरे वाटल्याची नोंद प्रसिद्ध केली. रक्तवाहिन्यांतील साठ्यांमध्ये कॅल्शियम असते आणि ईडीटीए कॅल्शियमला धरते, तेव्हा ते साठे विरघळत असावेत, असा सरळ तर्क त्यामागे होता. तर्क इतका सुटसुटीत होता की त्याची तपासणी करण्याची निकड फार थोड्यांना वाटली. पुढे तो मागे पडला आणि त्याची जागा दुसऱ्या कल्पनेने घेतली. शिसे आणि कॅडमियम यांसारखे धातू शरीरात साठून रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात आणि ते काढून टाकल्यास आजाराची वाढ मंदावते, असे आता सांगितले जाऊ लागले. एकाच सलाइनमागचे कारण असे बदलत गेले, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण दुसऱ्या चाचणीच्या निकालात तिला महत्त्व येते.

दरम्यान अमेरिकेत हा उपचार खासगी दवाखान्यांतून जोमाने चालू राहिला. तिथल्या २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार सुमारे १,११,००० प्रौढांनी वर्षभरात चेलेशन घेतल्याचे सांगितले. तोवर झालेल्या नियंत्रित चाचण्या मात्र लहान होत्या. त्यांपैकी कॅनडातील २००२ ची चाचणी अवघ्या ८४ रुग्णांची होती. त्या रुग्णांना ट्रेडमिलवर चालवून हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण ईसीजीवर किती वेळाने दिसते, हे मोजण्यात आले. सहा महिन्यांनंतर चेलेशन घेतलेल्यांचा हा वेळ साधारण एका मिनिटाने वाढला होता. नुसते सलाइन घेतलेल्यांचा वेळही साधारण तेवढाच वाढला होता. तुलनेचा गट नसता, तर हेच एक मिनिट उपचाराच्या खात्यावर जमा झाले असते, आणि हजारो रुग्णांच्या अनुभवातले 'बरे वाटणे' बहुधा याच मिनिटातून आलेले असावे. तरीही ८४ रुग्णांच्या चाचणीतून मृत्यू किंवा नवा झटका टळतो का, हे कळणे शक्य नव्हते.

पहिली चाचणी

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये पर्यायी वैद्यकासाठी छोटे कार्यालय १९९२ मध्ये सुरू झाले आणि १९९८ मध्ये त्याचे पूर्ण केंद्रात रूपांतर झाले. या केंद्राने आणि हृदय, फुप्फुस व रक्त यांच्या राष्ट्रीय संस्थेने मिळून सुमारे तीन कोटी डॉलर खर्चाची चाचणी हाती घेतली. तिचे नेतृत्व मायामी बीच येथील हृदयरोगतज्ज्ञ हर्वासिओ लामास यांच्याकडे होते आणि तिचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव 'टॅक्ट' असे होते. रुग्णांची नोंदणी सप्टेंबर २००३ पासून ऑक्टोबर २०१० पर्यंत चालली. पन्नाशी ओलांडलेले आणि किमान सहा आठवड्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले १,७०८ जण त्यात सहभागी झाले. आरंभी २,३७२ रुग्ण घेण्याचा बेत होता, पण भरती अपेक्षेपेक्षा हळू होत असल्याने संख्या कमी करून पाठपुराव्याचा काळ वाढवावा लागला.

रुग्णांच्या वाट्याला नेमके काय येत होते, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढचा वाद नीट समजणार नाही. ५०० मिलिलिटर द्रवाची बाटली टांगली जाई. उपचार गटात त्या बाटलीत मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेप्रमाणे तीन ग्रॅमपर्यंत डायसोडियम ईडीटीए, सात ग्रॅम क जीवनसत्त्व, दोन ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड, काही ब जीवनसत्त्वे, थोडे पोटॅशियम व सोडियम बायकार्बोनेट, शिरेची आग कमी व्हावी म्हणून प्रोकेन आणि रक्त साकळू नये म्हणून हेपॅरिन असे. दुसऱ्या गटाच्या बाटलीत मिठाचे पाणी आणि थोडी साखर एवढेच असे. दोन्ही गटांत बाटली सावकाश, किमान तीन तास चाले. पहिली तीस सलाइन दर आठवड्याला एक याप्रमाणे आणि उरलेली दहा दोन ते आठ आठवड्यांच्या अंतराने दिली जात. म्हणजे खरे औषध असो वा नसो, चाळीस सलाइन पुरी करणारा रुग्ण खुर्चीत बसून किमान १२० तास शिरेत सुई घेऊन काढत होता, परिचारिकेशी बोलत होता आणि शेजारच्या खुर्चीवरच्या रुग्णाची विचारपूस करत होता. याखेरीज मोठ्या मात्रेतील जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या यांचीही याच रुग्णांमध्ये स्वतंत्र वाटणी केलेली होती. चाचणीभर मिळून ५५,२२२ सलाइन दिली गेली.

वाट सरळ नव्हती. डायसोडियम ईडीटीए वेगाने शिरेत गेले तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००६ मध्ये चेलेशनशी जोडलेल्या अशा तीन मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी दोन बालके होती. हे मृत्यू या चाचणीतले नव्हते, तरी संमतीपत्रात धोके पुरेसे स्पष्ट मांडले आहेत का, तपासकांची पात्रता काय, अशा तक्रारींवरून मानवी संशोधनातील सहभागींच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या सरकारी कार्यालयाने चौकशी सुरू केली आणि २००८ मध्ये नवी भरती काही काळ थांबवावी लागली. चाचणी सोडून द्यावी, असा आग्रह धरणाऱ्या टीकाकारांचा मुख्य मुद्दा वेगळाच होता. ज्या उपचारामागे जीवशास्त्रीय आधार नाही, त्यावर रुग्णांना आणि सार्वजनिक पैशाला का जुंपायचे, असे ते विचारत होते. हा प्रश्न हलका नाही. परंतु एक लाखाहून अधिक माणसे स्वतःच्या खिशातून पैसे भरून तेच औषध घेत असतील, तर 'आधार नाही' एवढे म्हणून हात झटकणेही मला पुरेसे वाटत नाही.

०.०३५

निकाल नोव्हेंबर २०१२ मध्ये हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत सांगितला गेला आणि मार्च २०१३ मध्ये 'जामा' या नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाला. मृत्यू, नवा झटका, पक्षाघात, अँजिओप्लास्टी किंवा बायपास, आणि छातीतील दुखण्यामुळे रुग्णालयात दाखल होणे या पाचांपैकी काहीही प्रथम घडले की एक 'घटना' मोजायची, असे आधीच ठरले होते. चेलेशन घेतलेल्या ८३९ जणांपैकी २२२ जणांना, म्हणजे २६ टक्क्यांना, आणि निरुपद्रवी सलाइन घेतलेल्या ८६९ जणांपैकी २६१ जणांना, म्हणजे ३० टक्क्यांना अशी घटना घडली. दोन गटांतील धोक्याचे गुणोत्तर (१ म्हणजे फरक नाही) ०.८२ आले, विश्वासमर्यादा, म्हणजे खरे गुणोत्तर जिथे असण्याचा संभव आहे तो पट्टा, ०.६९ ते ०.९९ होती आणि पी-मूल्य, म्हणजे उपचाराचा परिणाम नसतानाही योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०३५ होते. चाचणी चालू असताना माहितीवर वेळोवेळी नजर टाकली गेली होती, त्यामुळे नेहमीच्या ०.०५ ऐवजी ०.०३६ हा उंबरठा लागू होता. पी-मूल्य त्याच्याखाली जेमतेम एक सहस्रांशाने उतरले. सांख्यिकीच्या नियमाप्रमाणे चाचणी यशस्वी ठरली, पण इतक्या बारीक फटीतून आत आलेल्या निष्कर्षावर किती भार टाकायचा, हे नियम सांगत नाही.

घटनांची फोड केली की चित्र आणखी पातळ होते. मृत्यू एका गटात ८७ आणि दुसऱ्या गटात ९३ होते. हा फरक योगायोगाने सहज येऊ शकतो. सर्वांत मोठा फरक अँजिओप्लास्टी व बायपासमध्ये होता, एकीकडे १३० आणि दुसरीकडे १५७. मृत्यू झाला की नाही हे कोणाच्या मतावर अवलंबून नसते. बायपास करायची की थांबायचे, हे मात्र डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणातून ठरते, आणि त्या संभाषणावर 'मला खरे औषध मिळत आहे' किंवा 'मला बहुधा नुसते पाणी मिळत आहे' या समजुतीची छाया पडू शकते. म्हणूनच कोणाला काय मिळत आहे हे रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका या तिघांनाही शेवटपर्यंत माहीत नसणे इथे फार मोलाचे होते.

नेमका तिथेच संशय आला. २८९ रुग्णांनी मध्येच संमती मागे घेतली आणि त्यांच्या पुढच्या प्रकृतीची माहिती मिळेनाशी झाली. त्यांपैकी १७४ निरुपद्रवी सलाइनच्या गटातले होते आणि ११५ चेलेशनच्या गटातले. सोडून जाणाऱ्यांतला हा ५९ जणांचा फरक घटनांमधील ३९ च्या फरकापेक्षाही मोठा आहे. टीकाकारांचे म्हणणे असे होते की आपल्याला काय मिळते आहे याचा सुगावा लागल्याखेरीज एकाच गटातून इतके जास्त लोक बाहेर पडणार नाहीत. समर्थकांचे उत्तरही विचार करण्यासारखे होते. निरुपद्रवी सलाइनच्या गटातून जास्त लोक निघून गेले असतील, तर त्या गटातील घटनाच जास्त निसटल्या असणार, म्हणजे झुकाव चेलेशनच्या विरुद्ध जायला हवा. हा युक्तिवाद निसटलेल्या घटनांपुरता बरोबर आहे. राहिलेल्यांच्या बाबतीत निर्णय कसे घेतले गेले, याला तो स्पर्श करत नाही. कोणती बाजू खरी, हे त्याच माहितीतून ठरवण्याचा मार्ग नव्हता, आणि या प्रकरणातील पहिली खरी अडचण हीच होती.

दुसरी अडचण अधिक आकर्षक रूपात आली. मधुमेह असलेल्या ६३३ रुग्णांचे वेगळे विश्लेषण करण्याचे आधीच ठरले होते. त्यांच्यात चेलेशन घेतलेल्या ३२२ जणांपैकी ८० जणांना, म्हणजे २५ टक्क्यांना, आणि दुसऱ्या गटातील ३११ जणांपैकी ११७ जणांना, म्हणजे ३८ टक्क्यांना घटना घडली. धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला होता आणि या उपगटात मृत्यूही घटलेले दिसत होते. इथे कागद-पेन्सिल घेऊन वजाबाकी केली की एक गोष्ट उघडी पडते. एकूण फरक ३९ घटनांचा होता आणि त्यांपैकी ३७ मधुमेहींच्या होत्या. मधुमेह नसलेल्या रुग्णांत एका गटात १४२ आणि दुसऱ्या गटात १४४ घटना घडल्या, आणि रुग्णसंख्या लक्षात घेतली तर चेलेशन घेतलेल्यांचे प्रमाण किंचित जास्तच होते. तेव्हा 'चेलेशन हृदयरुग्णांना उपयोगी पडते' असे या चाचणीने म्हटलेच नव्हते. तिचे म्हणणे खरे तर एवढेच होते की एका उपगटात फार मोठा परिणाम दिसतो आणि उरलेल्यांत काहीच दिसत नाही.

उपगटात दिसलेला मोठा परिणाम ही संशोधनातली नेहमीची भूल आहे. पुरेसे तुकडे पाडले की कुठल्या तरी तुकड्यात चमक दिसतेच. पण इथे उपगट आधी ठरलेला होता, परिणाम मोठा होता आणि अनेक तुलनांसाठी दुरुस्ती केल्यावरही तो टिकत होता. मधुमेहात साखर आणि प्रथिने यांच्या संयोगातून होणाऱ्या हानीला धातू चालना देतात, असे स्पष्टीकरणही हाताशी होते. माझ्या मते या टप्प्यावर प्रामाणिक संशोधकाची अवस्था फार अवघड असते, कारण 'हे खोटेच असणार' असे म्हणणाऱ्याकडे आणि 'हे सिद्ध झाले' असे म्हणणाऱ्याकडे पुरावा सारखाच अपुरा होता. हृदयरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनांनी २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत चेलेशनला 'करू नये' या वर्गातून काढून 'उपयुक्तता अनिश्चित' या वर्गात नेले. काहींना ती माघार वाटली. मला तो त्या दिवसापुरता सर्वांत अचूक शब्द वाटतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या वाटणीतून मात्र काही निष्पन्न झाले नाही. घटनांचे प्रमाण २७ आणि ३० टक्के होते, फरक योगायोगाच्या कक्षेतला होता आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांनी त्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या.

तोच प्रश्न, फक्त मधुमेहींसाठी

दुसऱ्या चाचणीची आखणी या अनिश्चिततेवर नेमके बोट ठेवणारी होती. तिच्यात फक्त मधुमेह असलेले आणि पूर्वी झटका येऊन गेलेले, पन्नाशी ओलांडलेले रुग्ण घेतले गेले. अमेरिका व कॅनडातील ८८ केंद्रांत १,००० जणांची नोंद झाली आणि ४० सलाइन दर आठवड्याला एक याप्रमाणे द्यायची ठरली. पहिल्या चाचणीतला उपगट हा इथे संपूर्ण चाचणी झाला, त्यामुळे निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी 'हा तुकडा निवडून काढला' असे कोणाला म्हणता येणार नव्हते. लामास यांनीच तिचे नेतृत्व केले. आपल्याच अनुकूल निष्कर्षाला मोडून काढू शकेल अशी चाचणी स्वतः उभी करणे आणि ती शेवटपर्यंत नेणे, ही गोष्ट पूरक उपचारांच्या क्षेत्रातच काय, कुठल्याही क्षेत्रात वारंवार दिसत नाही.

निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झाला. किमान एक सलाइन घेतलेल्या ९५९ रुग्णांचा सरासरी चार वर्षे पाठपुरावा झाला होता. चेलेशन घेतलेल्या ४८३ जणांपैकी १७२ जणांना, म्हणजे ३५.६ टक्क्यांना घटना घडली. निरुपद्रवी सलाइन घेतलेल्या ४७६ जणांपैकी १७० जणांना, म्हणजे ३५.७ टक्क्यांना ती घडली. धोक्याचे गुणोत्तर ०.९३ होते आणि विश्वासमर्यादा ०.७६ ते १.१६ अशी, एकच्या दोन्ही बाजूंना पसरलेली होती. हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात एवढेच कठोर निकष धरले तरी एका गटात ८९ आणि दुसऱ्या गटात ९४ अशी जवळजवळ बरोबरी होती.

दोन्ही चाचण्यांतील मधुमेही रुग्णांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. निरुपद्रवी सलाइनच्या गटातील प्रमाण पहिल्या वेळी ३८ टक्के आणि दुसऱ्या वेळी जवळपास ३६ टक्के होते. पाठपुराव्याचा काळ आणि चालू औषधे यांत फरक असल्यामुळे ही तुलना काटेकोर म्हणता येणार नाही, तरी ते फारसे हललेले नाही. चेलेशनच्या गटातील प्रमाण मात्र २५ टक्क्यांवरून थेट त्याच ३६ टक्क्यांच्या आसपास आले. मधल्या काळात झटक्यानंतरची नेहमीची औषधे अधिक प्रभावी झाल्यामुळे चेलेशनच्या परिणामाला वाव उरला नसेल, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते अशक्य नाही. पण औषधे सुधारली असती तर दोन्ही गटांतील घटना स्पष्टपणे कमी व्हायला हव्या होत्या, आणि तसे या आकड्यांत दिसत नाही. मला पहिल्या चाचणीतील २५ हा आकडाच अपवादात्मक वाटतो.

बदलत गेलेल्या कारणांचा धागा इथे परत हाती घेता येतो. दुसऱ्या चाचणीत रक्तातील शिशाची पातळी मोजली गेली. चेलेशनच्या गटातील मध्यम पातळी चाळीस सलाइनअखेर दर लिटरमागे ९.०३ मायक्रोग्रॅमवरून ३.४६ वर उतरली, म्हणजे ६१ टक्क्यांनी कमी झाली. सलाइनने आपले रासायनिक काम चोख बजावले होते, शिसे पकडले होते आणि बाहेर काढले होते. तेव्हा 'उपचार नीट दिला गेला नाही' किंवा 'मात्रा कमी पडली' असे म्हणण्याची सोय राहिली नाही. शिसे हृदयरोगाला कारणीभूत होते का, हा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. दीर्घकाळ शिशाच्या संपर्कात राहिलेल्या लोकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, याला लोकसंख्यापाहणीतून बराच आधार आहे. पण शरीरातले बहुतांश शिसे हाडांत दडलेले असते आणि रक्तवाहिनीला जी इजा व्हायची ती साठीत पोहोचलेल्या रुग्णाच्या बाबतीत कित्येक वर्षांपूर्वीच होऊन गेलेली असते. वर्षभराच्या सलाइनने रक्त स्वच्छ झाले तरी ती इजा भरून निघेल, असे मानण्याचे कारण या १,००० रुग्णांत सापडले नाही. पायांतील रक्तवाहिन्या गंभीरपणे बंद झालेल्या मधुमेही रुग्णांसाठी चेलेशन तपासून पाहावे, असे काही संशोधक म्हणतात. तसे करायचेच झाले, तर त्या चाचणीतही कोण केव्हा आणि कोणत्या गटातून निघून गेले, याची यादी मी निकालाच्या आधी वाचेन.